नोरीन आणि न बुडालेली बोट

ई-मेलमध्ये तिचं नाव वाचून आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं, की इतिहासाची नवी टीचर पाकिस्तानी असणार. नोरीन. लाहोर, नाहीतर कराची. आमच्या शाळेत उर्दू शिकवणाऱ्या शाझियाने तर स्टाफरूममध्ये स्वतःच्या शेजारची खुर्ची तिच्यासाठी धरून ठेवली होती. सत्राच्या पहिल्या दिवशी दारातून आत आली ती उंच, हाडापेराने मोठी, लालबुंद चेहऱ्याची आयरिश बाई. तांबडे केस, त्यात पांढऱ्याची भर पडायला लागलेली. शाझियाने क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि खुर्ची तशीच पुढे सरकवली. नोरीन बसली आणि बसल्या बसल्या समोरच्या पोस्टरकडे बोट दाखवून म्हणाली, "हे कुणी सांगितलं?"

पोस्टरवर दुबईच्या उंच इमारतींचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं की पूर्वी इथे वाळूशिवाय काहीही नव्हतं. हे वाक्य इथे सगळेच म्हणतात. टॅक्सीवाला म्हणतो, गाईड म्हणतो, पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना आम्हीही हेच ऐकवतो.

"वाळूशिवाय काही नव्हतं, तर मासे कोण धरत होतं? मोत्यांसाठी बुड्या कोण मारत होतं? वाळू?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पोस्टर जागेवर नव्हतं. ते तिनेच काढलं असणार, पण तिला विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

"कुणी सांगितलं?" हा तिचा कायमचा प्रश्न. वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात तो लिहिलेलाच असायचा. मी फिजिक्स शिकवते. शेजारच्या वर्गातून भिंत ओलांडून तिचा आवाज यायचा आणि माझी मुलं ओठ दाबून हसायची. माझी मुलगी ईरा तेव्हा तिच्या वर्गात होती. पहिल्या आठवड्यात घरी येऊन म्हणाली, "आई, शी इज सो स्केरी." महिन्याभरात जेवताना मी सहज काही म्हणाले की ईरा विचारायला लागली, "हू टोल्ड यू?" प्रसाद, माझा नवरा, वैतागून म्हणायचा, "ही बाई आपल्या घरात राहायला आली आहे का?"

तिच्या रागाची पहिली मोठी चुणूक आम्हाला पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कानला दिसली. नववीची सहल घेऊन आम्ही दोघी गेलो होतो. कंटेनरच्या बंदरापासून थोडं पलीकडे मासेमारांच्या छोट्या बोटी लागतात. तिथे सावलीत एक म्हातारे अरब गृहस्थ जाळं नीट करत बसले होते. नोरीनने परवानगी विचारून मुलांना त्यांच्याभोवती बसवलं. एका मुलाने म्हाताऱ्यांच्या बोटांची नक्कल केली आणि मागची चार पोरं फिदीफिदी हसली. म्हाताऱ्यांनी बघितलं आणि हात थांबवले.

नोरीन उठली. ओरडली नाही. नक्कल करणाऱ्या मुलाला म्हणाली, "माफी माग. मग त्यांना काहीतरी विचार. खरंच जाणून घ्यायचं असेल असं काहीतरी. तोपर्यंत बस हलणार नाही."

मुलगा मख्ख उभा. ऊन वाढत चाललं. बसचा ड्रायव्हर येऊन दोनदा म्हणाला, "यल्ला मॅडम, ट्रॅफिक हो जाएगा." नोरीन ढिम्म. शेवटी मुलाने मान खाली घालून माफी मागितली आणि विचारलं, "तुम्हाला कधी भीती वाटली का?" दुसऱ्या एका मुलीने ते अरबीत सांगितलं. म्हातारे हसले आणि मग बोलायला लागले ते थांबेचनात. दुबईला पोहोचायला अंधार पडला, पालकांच्या तक्रारी आल्या, प्रिन्सिपॉलनी बोलावून घेतलं. ती जाऊन आली आणि मला म्हणाली, "मेडा, हसणाऱ्यांच्या आईबापांनी तक्रार केली. हसल्याबद्दल नाही हं, उशीर झाल्याबद्दल." माझ्या 'मेधा'तला 'ध' तिला शेवटपर्यंत जमला नाही.

तिचं स्वतःचं गाव आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं. त्याचं नाव घशातून काढावं लागायचं, ते मला जमलं नाही. तीसुद्धा नुसतं 'हार्बर' म्हणायची, जणू जगात दुसरं बंदरच नाही. आमच्या अल मनखूलच्या घरी ती जेवायला यायची तेव्हा ते हार्बर जेवणाच्या टेबलावर यायचं. तिची आजी हेरिंग मासे साफ करणाऱ्या बायकांमधली. बोटांना चिंध्या गुंडाळून, मिठात हात घालून दिवसभर उभं राहायचं. "आणि आमच्या गावच्या चर्चमध्ये बोटींच्या मालकांच्या नावाच्या पाट्या आहेत," नोरीन म्हणायची. "आजीच्या नावाची कुठेही नाही. तिच्या हाताखालून गेलेले मासे अर्ध्या युरोपाने खाल्ले." प्रसादने हौसेने केलेली तळलेली सुरमई तिने एकदा चाखली आणि तोंडावर सांगितलं, "मसाला उत्तम. मासा मात्र आठवडाभर बर्फात होता." प्रसाद दोन दिवस तिच्यावर रुसला होता.

ती स्वतःच्या लहानपणाबद्दल फार बोलत नसे. एकदाच बोलली. ईराने तिच्या केसांचं कौतुक केलं होतं, त्यावरून.

त्यांच्या हार्बरवर समजूत अशी, की पहाटे बोटीवर जाताना तांबड्या केसांची बाई दिसली तर समुद्र जीव घेतो. पुरुष धक्क्याकडे निघायच्या वेळी आजी नोरीनला खिडकीपासून लांब ठेवायची. एका पहाटे ही पोर खिडकीशी गेलीच. शेजारच्या माणसाने तिला बघितलं, तो तसाच मागे फिरला आणि घरी जाऊन बसला. दुपारी त्याची बायको नोरीनच्या दारात भांडायला आली. एवढ्याशा मुलीला सगळ्या गल्लीसमोर अवदसा म्हणाली.

"मी रडले?" नोरीन म्हणाली. "छे. मला राग आला. तो अजून गेला नाही."

तिचे वडील एका लाकडी मासेमारी बोटीचे कप्तान होते. बोटीचं नाव आयलीन मेरी. दुसऱ्या पहाटे त्यांनी नोरीनला उठवलं, तिला कोट घातला, हाताला धरून धक्क्यावर नेलं आणि सगळ्यांच्या देखत बोटीवर चढवलं. तिच्या केसांवर हात ठेवून ते खलाशांना म्हणाले, "ज्याला यायचं नसेल त्याने आत्ता उतरावं." दोघे उतरले आणि दुसऱ्या बोटीवर गेले. उरलेले राहिले. वडिलांनी तिला परत धक्क्यावर उतरवलं आणि बोट सोडली. त्यानंतर पहाटे निघताना ते मुद्दाम तिचं तोंड बघून जायचे. "आणि डॅडींच्या बोटीवरचा एकही माणूस समुद्राने नेला नाही," ती म्हणाली. "एकही नाही. हार्बरमधल्या दुसऱ्या कुणा कप्तानाला हे म्हणता येत नाही."

थोडी मोठी झाल्यावर तिने मासे कापायच्या सुरीने बोटीच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाशी, कठड्याच्या आतल्या बाजूने स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. वडील आधी ओरडले. मग म्हणाले, "कोरायचंच तर नीट खोल कोर."

ती बोट बुडाली नाही, तिला मारलं. हा शब्द नोरीनचा. मासेमारी कमी करायची म्हणून वरून योजना आली. परवाना परत द्यायचा आणि बोट मोडून टाकायची. म्हाताऱ्या कप्तानांपुढे दुसरा रस्ता नव्हता. वडिलांनी फक्त नाळ मागितली होती, अंगणात ठेवायला. अधिकारी म्हणाले, नियम म्हणजे नियम, एक फळीही ठेवता येणार नाही. धक्क्यावर जेसीबी आणून ठणठणीत बोट चिरडली. नोरीन तेव्हा इथे होती. बहिणीने पाठवलेला व्हिडिओ तिने स्टाफरूममध्ये बघितला होता. यंत्राचा दात फळ्यांत घुसताना वडील टोपी हातात घेऊन उभे होते. "आई गेली तेव्हा उभे होते तसे," ती म्हणाली आणि ईराकडे वळून तिला अभ्यासाचं विचारायला लागली.

हे सगळं आधी सांगितलं, कारण नंतर जे झालं ते याशिवाय कळणार नाही.

शाझिया नोकरी सोडून मुलाकडे कॅनडाला निघाली. निरोपाचं जेवण कुठे द्यायचं, तर एका हॉटेलात 'आयरिश हार्बर' थीमचं नवं रेस्टॉरंट उघडलं होतं. नोरीनलाही बरं वाटेल म्हणून व्हाइस प्रिन्सिपॉलनी तेच बुक केलं. आत छताला जाळी टांगलेली, भिंतींवर खोटे खेकडे, कोपऱ्यात धुकं सोडणारं यंत्र. नोरीन दारातच म्हणाली, "अरे देवा." पण शाझियासाठी गप्प राहिली.

बुफेच्या मागे, दिव्यांच्या झोतात, एका खऱ्या बोटीचा पुढचा भाग उभा केला होता. छातीएवढ्या उंचीचा, कापून आणलेला. त्याच्या पोटात बर्फ भरून त्यावर कोळंब्या मांडल्या होत्या.

नोरीन प्लेट घेऊन रांगेत उभी होती. ती रांग सोडून पुढे गेली. कोळंब्यांवरून वाकून तिने कठड्याच्या आत हात घातला आणि चाचपडत राहिली. मग तिचा हात थांबला. मी जवळ गेले तर माझं मनगट पकडून तिने माझी बोटं तिथे नेली. रंगाच्या थराखाली खोल कोरलेलं एक अक्षर हाताला लागलं. एन.

ती पांढरीफटक पडली होती. "डॅडींना म्हणाले, एक फळीही नाही," एवढंच ती बोलली. ज्या ठेकेदाराने बोट मोडली त्यानेच नाळ मागच्या दाराने विकली असणार, हे कळायला आणखी काही लागत नव्हतं.

आणि मग तिला बाजूची पाटी दिसली. इंग्रजी आणि अरबीत, सोनेरी अक्षरांत. त्या पाटीवर बोटीचं नाव भलतंच होतं. मजकूर असा, की एका पहाटे हिच्या कप्तानाने वाटेत तांबड्या केसांची बाई बघितली. त्याने अपशकुन मानला नाही. त्या रात्रीच्या वादळात बोट सगळ्या माणसांसकट बुडाली, आणि पुष्कळ वर्षांनी तिचा एवढाच भाग समुद्राने परत दिला.

कुणीतरी इंटरनेटवर आयरिश मासेमारांच्या समजुती शोधल्या असतील आणि एका दुपारीत हे लिहून टाकलं असेल. त्या लिहिणाऱ्याला काय माहीत? पण नोरीन म्हणायची की माहीत नसणं हाच गुन्हा आहे. विचारायचं होतं ना कुणालातरी.

मॅनेजर आला. लोबो नावाचा मंगळूरकडचा सभ्य माणूस. "मॅडम, इट्स ऑथेंटिक," तो अभिमानाने म्हणाला.

"तुझ्या घरचं कुणी समुद्रावर जातं?" नोरीनने विचारलं.

"माझे काका जातात."

"जिवंत आहेत?"

"हो."

"मग भिंतीवर लिहू का, ते बुडाले म्हणून? लोकांना कोळंबी खाताना मजा येईल."

लोबोचा चेहरा पडला. डिझाइन दुसऱ्या कंपनीने केलं, आपल्या हातात काही नाही, असं तो पुटपुटला. नोरीनचा आवाज चढला. रेस्टॉरंटमधली माणसं वळून बघायला लागली. "माझे डॅडी कालच माझ्याशी फोनवर बोललेत! तुम्ही त्यांना बुडवलंत! पाच माणसं बुडवलीत! आणि दोष कुणाला दिलात, तर माझ्या केसांना!" शाझियाने तिला मिठीत घेऊन बाहेर नेलं. निरोपाचं जेवण तसंच राहिलं.

हॉटेलची तक्रार शाळेत पोहोचली. प्रिन्सिपॉल म्हणाल्या, शाळेचं नाव खराब होतंय. स्टाफरूममध्ये सगळे कळवळ्याने तिला समजावत होते. एक पाटीच तर आहे. जेवणाच्या हॉटेलात कोण इतिहास वाचतं? प्रसादही मला म्हणाला, "तिला सांग ऑनलाइन काही लिहू नकोस. केस झाली तर व्हिसा जाईल, खलास." मी सांगितलं. ती म्हणाली, "ऑनलाइन कशाला लिहू? पाटी तिथे आहे, तर बोलायचंही तिथेच."

तिने आयर्लंडच्या मासेमारी खात्यात फोन लावला. माझ्यासमोर, स्पीकरवर. पलीकडची बाई शांतपणे म्हणाली की आमच्या नोंदीप्रमाणे ती बोट पूर्ण नष्ट झाली आहे, त्यामुळे तिचा कुठलाही भाग कुठेही असू शकत नाही.

"मी तिला हात लावलाय," नोरीन म्हणाली.

"नोंदीप्रमाणे ते शक्य नाही, मॅम."

फोन ठेवून ती बराच वेळ हसली. ते हसणं ऐकवत नव्हतं.

पाटी बदला म्हणून तिने हॉटेलला लिहिलं होतं, त्यावर उत्तर आलं की मजकूर म्हणजे 'क्रिएटिव्ह स्टोरीटेलिंग' आहे. मग हिवाळ्याच्या सुट्टीत तिने वडिलांनाच बोलावून घेतलं.

मी मोठ्या, गर्जणाऱ्या माणसाची कल्पना केली होती. विमानतळावरून आले ते ऐंशी ओलांडलेले, बुटके, जाड लोकरी स्वेटर घातलेले आजोबा. दुबईच्या थंडीत आम्ही अर्ध्या बाह्यांत, आणि ते स्वेटर काढायला तयार नाहीत. ते अगदी हळू बोलायचे. नोरीन शेजारी धुमसत असायची आणि ते तिच्या हातावर थोपटायचे.

आम्ही तिघं रेस्टॉरंटमध्ये गेलो. ते थेट बोटीपाशी गेले आणि दोन्ही हात फळ्यांवर ठेवून उभे राहिले. एक वेटर धावत आला. "सर, प्लीज डोंट टच."

नोरीन त्याच्या अंगावर जाणार, तेवढ्यात आजोबा त्याला म्हणाले, "बरोबर आहे तुझं, बाळा. मीही कुणाला हात लावू देत नसे." मग खिशातून चष्मा काढून त्यांनी पाटी सबंध वाचली. "चांगलं लिहिलंय," ते म्हणाले. "फक्त त्या रात्री मी घरी होतो. स्वयंपाकघराचं छप्पर गळत होतं."

लोबोने हे ऐकलं आणि तो आत पळाला. येताना मार्केटिंगच्या मुलीला घेऊन आला. क्लोई नावाची, लंडनची. तिचे डोळे लकाकले. "ओ माय गॉड, हे खरे कॅप्टन? आपण एक इव्हनिंग करूया! मीट द कॅप्टन! पिवळा रेनकोट, टोपी..."

"तू यांना बुडवलंस," नोरीन म्हणाली, "आणि आता यांचा खेळ मांडणार?"

"मी बसतो तुमच्या इव्हनिंगला," आजोबा म्हणाले. नोरीनने त्यांच्याकडे असं बघितलं की मीच मागे सरकले. "पण त्याआधी मी सांगतो ते भिंतीवर लिहायचं. घे लिहून."

क्लोईने फोन काढला. त्यांनी सावकाश सांगितलं. बोटीचं नाव आयलीन मेरी. स्वतःचं नाव, मग चारही खलाशांची नावं, प्रत्येकाच्या आईच्या नावासकट, कारण हार्बरमध्ये एका नावाचे पुष्कळ. या बोटीने एकही माणूस गमावला नाही. तांबड्या केसांची मुलगी रोज पहाटे धक्क्यावर असायची. आणि शेवटी, ही बोट धडधाकट असताना सरकारी हुकमाने मोडली, मला एक फळीही दिली नाही.

क्लोईचा अंगठा थांबला. "हे शेवटचं जरा... पॉलिटिकल होतंय."

"ते खरं आहे," आजोबा म्हणाले.

इव्हनिंग झालीच नाही. आदल्या दिवशी क्लोईने आजोबांपुढे पांढरी टोपी आणून ठेवली. ती नौदलाची आहे, असं सांगून त्यांनी ती परत पाठवली आणि खोर फक्कान बघायला जायचा हट्ट धरला. परतीच्या वाटेवर नोरीन गाडीत त्यांच्यावर तुटून पडली. नाळ मागायची होती, भांडायचं होतं, तुम्ही कायम असेच. ते खिडकीतून डोंगर बघत म्हणाले, "न्यायची कुठे, नोरीन? तिकडे ती कागदावर मेलेली आहे." मग तिच्याकडे वळून, "पाच नावं भिंतीवर जातायत. आपल्या हार्बरमध्ये तेवढंही नाही."

ते परत गेले. कबूल केलेल्या नव्या पाटीचं काही होईना. नोरीन दर शनिवारी रेस्टॉरंटमध्ये जाऊन बसायची, एक चहा मागवायची आणि जुन्या पाटीपुढे कुणी थांबलं की उठून खरं सांगायची. लोबो तिला घालवायचा नाही, आणि चहा स्वतः आणून द्यायचा. शेवटी उन्हाळ्याच्या तोंडावर त्याचाच फोन आला. नवी पाटी लागली होती.

नोरीनचं शाळेतलं ते शेवटचं वर्ष. सामान बांधून झालं होतं. निघायच्या आदल्या दुपारी ती मला घेऊन तिथे गेली. बर्फ तसाच, कोळंब्या तशाच. नवी पाटी आधीसारखीच सोनेरी होती. तिने बोट ठेवून एकेक नाव वाचलं. पाचही बरोबर. आयांची नावं गाळली होती. सरकारी हुकमाचं वाक्य गाळलं होतं. तांबड्या केसांची मुलगी होती. एकही माणूस गमावला नाही, हेही होतं.

"वाटलंच होतं," ती दातांवर दात ठेवून म्हणाली. मग पहिल्या ओळीवर परत गेली आणि तिथेच थांबली. कप्तान अमुक अमुक 'हे या बोटीचे अभिमानी मालक आणि हार्बरचे रहिवासी होते'.

"होते," ती म्हणाली. "होते? आज सकाळी त्यांनी मला फोन करून विचारलंय, की दुबईहून येताना खजूर आणशील ना!"

मी टीचर, माझ्या पर्समध्ये बोर्डचा काळा मार्कर असतोच. तिने तो मागितला नाही, सरळ पर्समध्ये हात घालून घेतला. इंग्रजी ओळीतला 'वॉज' खोडला आणि वर ठसठशीत 'इज' लिहिलं. लोबो काउंटरपाशी आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. पण सिक्युरिटीचा गणवेश घातलेला एक धिप्पाड सुदानी माणूस भराभर चालत आला.

"मॅडम! मॅडम, नॉट अलाउड!"

"हा माणूस जिवंत आहे," नोरीन त्याला म्हणाली. "माझे वडील आहेत. इथे अरबीत काय लिहिलंय?"

तो गोंधळला. पुढे वाकला, वाचलं. "कान," तो म्हणाला. "म्हणजे... होता."

"ते खोडलं तर?"

त्याने परत वाचलं, ओठ हलवत. "तर आहे," तो म्हणाला. "हा एक शब्द गेला की, आहे."

नोरीनने मार्कर त्याच्यापुढे धरला. "मला अरबी येत नाही. चुकीचा शब्द खोडायचा नाही मला."

त्याने वर कॅमेऱ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे, तिच्या केसांकडे, पाटीवरच्या त्या मुलीच्या ओळीकडे. मार्कर घेतला आणि वाकला.

"सरळ रेघ," नोरीन कमरेवर हात ठेवून त्याच्या मागे उभी राहून म्हणाली. "नीट, दाबून."